अधांतरी बिऱ्हाडं: खोल समुद्रातली जेलीफिश आणि तिच्यातले पाहुणे घरबसल्या कसे बघावेत

जेलीफिश पडद्यावर आली की नजर आधी तिच्या छत्राकडे जाते. उघडझाप करणारं, काचेसारखं नाहीतर गर्द लाल छत्र. ते बघावंच. पण माझा आग्रह असा, की छत्र बघून झालं म्हणून व्हिडिओ पुढे ढकलू नका. छत्राच्या आत, कडेला, खाली लोंबणाऱ्या हातांच्या घड्यांमध्ये कुणी बसलंय का ते शोधा. खोल समुद्रातल्या जेलीफिशमध्ये पुष्कळदा कुणाचं तरी बिऱ्हाड असतं. कधी एखादा मासा, कधी आयसोपॉड नावाचा कवचाचा किडा, कधी समुद्रकोळी (कोळ्यासारखा लांब पायांचा जीव), कधी दुसऱ्याच जातीच्या जेलीफिशचं पिल्लू.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात नोकरी झाली. आता वाड्यातली आणि मागच्या सोसायटीतली मुलं शनिवारी संध्याकाळी आमच्या माडीवर जमतात. आम्हाला जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात, आणि तिथलं पाणी इतकं गढूळ की त्यात काही बघण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही या मुलांना हजार मीटर खोलीवरच्या जेलीफिश नावानिशी ओळखता येतात. कशा, ते इथे लिहिते. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनाही ते जसंच्या तसं करता येईल.

आधी, बिऱ्हाड तिथेच का, हे समजून घ्या. समुद्राचा पृष्ठभाग आणि तळ यांच्यामधलं जे पाणी आहे, त्याएवढी राहायची जागा पृथ्वीवर दुसरी नाही. २०० मीटरच्या खाली उजेड झपाट्यानं कमी होतो आणि १००० मीटरच्या खाली सूर्याचा उजेड उरतच नाही. तिथे दगड नाही, कपार नाही, शेवाळाची फांदी नाही. पाय टेकायला, आड लपायला, अंडी चिकटवायला काही म्हणजे काही नाही. तिथल्या लहान जीवांना टेकायला मिळते ती दुसऱ्या कुणाची तरी पाठ. हे मुलांना नीट समजलं, की पुढचं बघणं आपोआप बदलतं. मग ती "किती सुंदर" म्हणून थांबत नाहीत, "इथे कोण राहतं" असं विचारतात.

बघायचं कुठे? अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेचं 'ओकिअॅनोस एक्स्प्लोरर', ओशन एक्स्प्लोरेशन ट्रस्टचं 'नॉटिलस' आणि श्मिट ओशन इन्स्टिट्यूटचं 'फाल्कोर (टू)' ही जहाजं दूरनियंत्रित यान खाली सोडतात आणि त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र थेट यूट्यूबवर दाखवतात. पैसे पडत नाहीत. कॅलिफोर्नियातली एमबारी ही संस्था मुख्यतः चित्रित केलेले व्हिडिओ टाकते, पण जेलीफिशच्या बाबतीत तिच्या तोडीचा संग्रह दुसरीकडे नाही. नवशिक्यांनी सुरुवात एमबारीच्या छोट्या व्हिडिओंपासून करावी आणि डोळा तयार झाला की थेट प्रक्षेपणाकडे वळावं. थेट प्रक्षेपणात तासन् तास निळा अंधार बघावा लागतो. त्यातही गोडी आहे, पण ती लागायला वेळ लागतो.

वेळेचा हिशोब आधीच करून ठेवा. जहाज हवाईजवळ असेल तर तिथले सकाळचे ८ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. अशा वेळी मुलांना जागवू नका, दुसऱ्या दिवशी नोंद झालेला व्हिडिओ बघा. जहाज अर्जेंटिनाजवळ असेल तर तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे अगदी सोयीचं. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापलीकडच्या मार देल प्लाता घळीतलं प्रक्षेपण अख्ख्या अर्जेंटिनात घरोघरी बघितलं गेलं. घळीचा तळ बघायला लोक जमले होते. आमचं मात्र सगळं लक्ष यान खाली जातानाच्या प्रवासावर.

आणि हीच माझी सर्वांत महत्त्वाची सूचना. तळावर पोचल्यावर बघायला बसू नका. यान खोल जायला तास-दीड तास, कधी त्याहून जास्त लागतो आणि वर यायलाही तेवढाच. जेलीफिश भेटतात त्या या जाण्यायेण्यात. काही मोहिमांत यान मुद्दाम मधल्या पाण्यात ठरावीक खोलींवर थांबवून आडवं चालवतात. वेळापत्रकात 'मिडवॉटर' हा शब्द दिसला तर ती डाइव्ह, म्हणजे यानाची बुडी, अजिबात चुकवू नका.

खोलीची तयारी सोपी आहे. खिडक्यांवर जाड चादरी टाका, दिवे पूर्ण बंद करा. उजेड राहिला तर पारदर्शक जेलीफिशची कड दिसतच नाही, आणि पाहुणा तर तिच्याहून लहान. व्हिडिओची गुणवत्ता आपोआप ठरणारी ठेवू नका, हातानं १०८० वर लावा. नेट अडखळत असेल तर मोबाइलवरून टीव्हीवर पाठवण्यापेक्षा लॅपटॉप थेट तारेनं टीव्हीला जोडा. सगळ्यांत उपयोगी युक्ती म्हणजे लॅपटॉपवर यूट्यूब थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं आणि स्वल्पविरामाची दाबली की मागे. आमचे बहुतेक पाहुणे या दोन कळांनीच सापडले. थेट प्रक्षेपणही मागे नेता येतं, तेव्हा काहीतरी हललं असं वाटलं की लाजू नका, मागे जा. खाणं आधी उरकून घ्या. शेवउसळीची ताटली मांडीवर घेऊन अंधारात चौकटी मोजता येत नाहीत.

पडद्यावर आकडे असतात ते वाचायला शिका. खोली, तापमान, क्षारता आणि पुष्कळदा प्राणवायू. प्राणवायूकडे खास लक्ष द्या. आपल्या अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू फार कमी असतो, जगातल्या अशा मोठ्या पट्ट्यांपैकी हा एक. चपळ माशांना तिथे धाप लागते. जेलीफिशना मात्र थोडक्यात भागवता येतं, म्हणून अशा पाण्यात त्यांचं फावतं. चित्रात दोन छोटे प्रकाशबिंदू दिसले तर ते लेझरचे असतात. बहुतेक यानांवर त्यांच्यातलं अंतर १० सेंटिमीटर ठेवलेलं असतं. ते जेलीफिशवर पडले की लगेच चित्र थांबवा आणि पट्टीनं माप काढा. अंदाजानं सांगितलेला आकार मी वहीत लिहू देत नाही.

पांढरे कण सारखे पडताना दिसतील. ते वरून येणारे मेलेल्या जीवांचे, विष्ठेचे, शेवाळाचे तुकडे. त्यालाच सागरी हिम म्हणतात. सुरुवातीला मुलं प्रत्येक कणाला पाहुणा समजतात. फरक असा की कण यानाच्या वेगानं सरकतो आणि पाहुणा जेलीफिशच्या वेगानं. हे एकदा डोळ्यात बसलं की गोंधळ होत नाही.

आता जेलीफिशसारखं दिसणारं सगळंच जेलीफिश नसतं, तेही सांगून ठेवते. अंगावर इंद्रधनुषी रेघा झरझर धावत असतील तर तो कंगवाजीव, म्हणजे कॉम्ब जेली. ते रंग त्याच्या स्वतःच्या प्रकाशाचे नव्हेत. यानाच्या दिव्यांचा उजेड त्याच्या हलणाऱ्या केसांवरून फुटतो, म्हणून दिसतात. लांबच लांब दोरी असेल तर सायफोनोफोर. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे 'फाल्कोर'च्या यानानं एक बघितला, त्याच्या वेटोळ्याचा बाहेरचा घेरच सुमारे ४७ मीटर भरला. आणि काचेचं पिंप असेल तर साल्प. या रिकाम्या पिंपात डोळे दिसले तर थांबाच! फ्रोनिमा नावाच्या ॲम्फिपॉडची (कोळंबीसारख्या छोट्या जीवाची) मादी साल्पचं अंग आतून पोखरून त्याचं पिंप करते, त्यात राहते आणि पिल्लंही त्यातच वाढवते.

खऱ्या जेलीफिशकडे येते. डीपस्टारियापासून सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगते, कारण तिच्यात पाहुणा शोधणं सोपं आणि तिला ओळखणं त्याहून सोपं. तिला डंखाचे तंतू नाहीत. मोठी पातळ पिशवी, आणि त्या पिशवीवर जाळीदार नक्षी. ही नक्षी म्हणजे अन्नरस वाहून नेणाऱ्या नळ्या. शिकार आत आली की पिशवीचं तोंड आवळलं जातं. 'डीपस्टार ४०००' या पाणबुडीवरून तिला नाव मिळालं आणि १९६७ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. २०१२ मध्ये ब्रिटनजवळच्या समुद्रात चित्रित झालेला तिचा व्हिडिओ जगभर फिरला तेव्हा लोकांनी तिला देवमाशाची वार ठरवली, राक्षस ठरवलं, काय काय ठरवलं. जाळी बघितली असती तर एका मिनिटात ओळख पटली असती. आता पाहुणा. पिशवी पारदर्शक असेल तेव्हा आतल्या बाजूला, बहुतेक वरच्या भागात, एक घट्ट लालसर ठिपका शोधा. तो ॲनुरोपस, आयसोपॉड जातीचा. आपल्याकडे ओल्या कुंडीखाली सापडणारे, हात लावला की गोळा होणारे किडे याच कुळातले. डीपस्टारियातला ॲनुरोपस शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकातच पाणबुडीतून बघितला होता. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये 'नॉटिलस'च्या यानानं पॅसिफिकमध्ये सुमारे ७५० मीटर खोलीवर एक डीपस्टारिया गाठली, तिच्यातही लाल आयसोपॉड होता. तो व्हिडिओ अजून बघायला मिळतो. सरावासाठी याहून चांगला नमुना नाही. पिशवी पूर्ण उलटी होईपर्यंत बघा. माझ्या भाचीची मुलगी पहिल्यांदा बघताना ओरडली होती, "आजी, आत कुणीतरी आहे!" त्या एका वाक्यासाठी हा सगळा खटाटोप करावा असं मला वाटतं.

दुसरी स्टायजिओमेडुसा. हिच्यावर मात्र नशीब लागतं. छत्र एक मीटरहून रुंद, डंखाचे तंतू नाहीत, आणि तोंडापासून खाली चार रुंद हात, १० मीटरपर्यंत लांब. पहिला नमुना १८९९ मध्ये हाती लागला, वर्णन १९१० मध्ये. आर्क्टिक सोडून सगळ्या महासागरांत ती आहे, पण एमबारीनं २०२१ मध्ये सांगितलं तेव्हा त्यांच्या यानांना हजारो डाइव्हमध्ये ती फक्त ९ वेळा दिसली होती. लांबीची कल्पना मुलांना आकड्यानं येत नाही. आम्ही १० मीटर सुतळी मोजून घेतली, एक टोक माडीच्या कठड्याला बांधलं आणि दुसरं चौकात सोडलं. सुतळी फरशीवर गोळा होऊन पडली. मुलं त्या ढिगाकडे बघत राहिली आणि कुणी काही बोललं नाही. तुमच्याकडे वाडा नसेल तर गच्चीवर आडवी पसरा.

तिच्यातला पाहुणा म्हणजे थॅलॅसोबाथिया नावाचा मासा. तो छत्राखाली, त्या लांब हातांच्या जवळपास पोहत राहतो. इथे नजर छत्राच्या खालच्या काठापासून सुरू करा आणि हातांच्या बाजूनं हळूहळू खाली आणा. पडद्याच्या मधोमध बघत बसलात तर तो हमखास निसटतो. शास्त्रज्ञांनी यान वापरून मासा आणि जेलीफिश यांना वेगळं केल्यावरही तो परत तिच्याकडेच आला. डोंगर नाही, खूण नाही, उजेड नाही, तरी घर सापडलं. या माशाबद्दल शिकवताना माझा आवाज अजूनही जड होतो.

तिसरी पँडिया रुब्रा. छोटी, कागदी आकाशकंदिलाच्या घडणीची, आतून लाल. पाहुण्यांच्या बाबतीत हिची श्रीमंती सर्वांत मोठी. जपानच्या जॅमस्टेक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिच्यावर समुद्रकोळी, ॲम्फिपॉड आणि दुसऱ्या जातीच्या जेलीफिशची पिल्लं बघितली. आणि खुद्द पँडियाचं बालपणही दुसऱ्याच्या घरी जातं. तिची पॉलिप अवस्था, म्हणजे एका जागी चिकटून वाढण्याचं लहानपण, पोहणाऱ्या एका समुद्री गोगलगायीच्या शंखावर वाढते. म्हणजे ती गोगलगाय संपली तर पँडिया संपेल, आणि पँडियाबरोबर तिच्यावरचे सगळे. मुलांना हे सांगताना फळ्यावर बाण काढत जा. बाणांचं जाळं झालं की त्यांना स्वतःलाच विषय कळतो.

चौथी अटोला. हिच्यात पाहुणा शोधण्यापेक्षा तिचा प्रकाश समजून घ्या. गर्द लाल, छत्राभोवती खाच पडलेली, आणि बाकीच्यांहून खूप लांब असा एक तंतू. १८७२ ते १८७६ या काळातल्या 'चॅलेंजर' मोहिमेचे प्रमुख वायव्हिल थॉमसन यांचं नाव तिच्या एका जातीला (अटोला वायव्हिली) दिलेलं आहे. कुणी तिला पकडलं की ती निळ्या प्रकाशाची चक्रं फिरवते. हेतू असा, की पकडणाऱ्याला खाणारा त्याहून मोठा कुणीतरी तो उजेड बघून यावा. अमेरिकन सागरशास्त्रज्ञ ईडिथ विडर यांनी या चक्रांची नक्कल करणारं विजेचं यंत्र बनवलं आणि २०१२ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ ते खाली सोडलं. महाकाय स्क्विड कॅमेऱ्यासमोर आला. समुद्राच्या खोलीत त्याचं चित्रण तोपर्यंत कुणाला जमलेलं नव्हतं. एमबारीनं २०२२ मध्ये अटोला रेनॉल्डसी ही नवी जात जाहीर केली, तिला तो लांब तंतू नाही. म्हणून अटोला दिसली की लांब तंतू आहे का नाही, ही नोंद करायचीच.

टिब्युरोनिया ग्रानरोहो आणि पेरिफिला याही ओळखून ठेवा. पहिली लालबुंद, पाऊण मीटरपर्यंत, तंतूंशिवाय, २००३ मध्ये वर्णन झालेली. दुसरी उंच टोपीच्या आकाराची, नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये गर्दीनं आढळणारी.

इतक्या लाल का, हा प्रश्न इथे येतोच. उत्तर तोंडानं देऊ नका. रावपुऱ्यात स्टेशनरीच्या दुकानात निळा जिलेटिन कागद मिळतो. टॉर्चच्या काचेवर त्याचे तीन-चार थर रबरबँडनं बांधा, खोली पूर्ण अंधारी करा आणि देवघरातली कुंकवाची डबी उघडून त्या उजेडात धरा. कुंकू काळं दिसतं. शेजारी निळं फडकं ठेवा, ते तेवढंच उजळ राहतं. पाण्यात लाल प्रकाश आधी शोषला जातो, खोलवर निळाच उरतो, आणि तिथल्या जीवांचा स्वतःचा प्रकाशही बहुतेक निळाच. त्या उजेडात लाल अंग म्हणजे काळं अंग. पारदर्शक जेलीफिशचं पोट तेवढं लाल का, तेही यातून उलगडतं. गिळलेली शिकार आत चमकत राहिली तर बाहेरच्यांना दिसेल, म्हणून पोटावर पडदा. कंदिलासारख्या पँडियाचं लाल आता वेगळं दिसू लागेल.

पाहुणा सापडला की लगेच "मित्र" लिहू नका. मुलांना मैत्रीच्या गोष्टी आवडतात आणि मोठ्यांनाही. पण जेलीफिशवर बसणारे पुष्कळ ॲम्फिपॉड तिचंच अंग कुरतडतात, तिच्यातच पिल्लं ठेवतात. समुद्रकोळी तिला शोषतो. सात हातांचा म्हणून ओळखला जाणारा हॅलिफ्रॉन ऑक्टोपस जेलीफिश हातात धरून फिरताना दिसतो आणि ती खातो, हे एमबारीच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणून आमच्या वहीत रकाने साधे आहेत. कुठे बसलाय, डोकं कुठल्या दिशेला, हलतोय का, जेलीफिशच्या अंगाला भोकं दिसतात का. नातं काय ते सगळ्यांत शेवटी, आणि पेन्सिलीनं.

हे सगळं पडद्यावरच का, असं एका पालकांनी मला विचारलं. त्यांना मी बडोद्याच्या कमाटी बागेतल्या संग्रहालयात पाठवलं. तिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी लागलेल्या देवमाशाचा. हाडं होती म्हणून तो टिकला आणि आपल्या मुलांना त्याच्या फासळ्या मोजता येतात. जेलीफिशला हाड नाही. जाळ्यात आली की तिच्या चिंध्या होतात आणि तिच्यातले पाहुणे जाळ्यातल्या इतर शंभर जीवांत मिसळून जातात. कोण कुणाकडे राहत होतं, ते कळायला मार्गच राहत नाही. यानांचे कॅमेरे आले तेव्हा कुठे ही नाती जागच्या जागी दिसू लागली. म्हणून पडदा हीच इथे प्रयोगशाळा आहे, मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा म्हणणाऱ्यांनी एवढी सवलत द्यावी.

वहीबद्दल थोडं. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर जहाजाचं नाव, तारीख, खोली, तापमान, व्हिडिओतली वेळ मिनिट-सेकंदांसह आणि लेझरनं काढलेलं माप. चित्र फोटोवरून गिरवू देऊ नका, बघून काढायला लावा. काढताना हात थांबतो तिथेच मुलाला कळतं, की छत्राखाली नेमकं काय आहे हे आपण बघितलंच नव्हतं.

थेट प्रक्षेपणात पाहुणा दिसलाच तर यूट्यूबवरच्या चॅटमध्ये किंवा 'नॉटिलस'च्या संकेतस्थळावरच्या प्रश्नपेटीत लिहा. दोन ओळी पुरतात: खोली, वेळ आणि "छत्राच्या डाव्या काठाशी लाल ठिपका हलतोय, परत जवळून दाखवाल का?" चालक दुसऱ्या कामात असेल तर यान पुढे जाईल. मग नोंद झालेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी उघडायचा, त्या मिनिटावर थांबायचं आणि स्वल्पविरामाची कळ दाबायला लागायचं.